वीस फुटी तलावाचा नकाशा

"भरावावर तलाव नाय बसायचा," दामूदादा म्हणाले.

तलाव विकणाऱ्या दुकानातल्या मेहुलने हातातली रंगीत पुस्तिका पुन्हा उघडून दाखवली. तिच्यात एका गोल तलावात दोन गोरी मुलं हसत होती आणि मागे हिरवळ होती. "काका, व्हरांड्यासमोर किती छान दिसेल बघा. गेटमधून आत आलं की समोरच. आणि जागा आधीच सपाट आहे."

"सपाट हाय, कारण मागच्या पावसाआधी तिथं दोन डंपर माती टाकली. टाकताना मी बघितलीय." दामूदादांनी चपलेची टाच मातीत दाबली. टाच बोटभर आत गेली. "वीस फुटी गोल, त्यात साडेतीन फूट पानी. एकतीस हजार लिटर. म्हंजे एकतीस टन. भरलेले तीन ट्रक इथं कायमचे उभे केल्यासारखं. एका अंगाला माती दबली की अख्खा तलाव कलला. मग ती हिरवळ घेऊन काय करायचं?"

मेहुलने मुख्याध्यापिका हिमानीबाईंकडे पाहिलं. हिमानीबाईंनी दामूदादांकडे पाहिलं. आणि दामूदादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, कारण एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात, यंत्र बसण्याआधी, त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

सातपाटीच्या दामोदर तामोरेंचा सगळा जन्म बिघडल्यानंतर बोलावलं जाण्यात गेला. घरच्यांच्या होड्या होत्या, पण दामूला लहानपणापासून समुद्रापेक्षा होडीचं इंजिन जास्त आवडायचं. पुढे तारापूरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात ते पंपांच्या दुरुस्तीला लागले आणि तिथेच पस्तीस वर्षं काढली. पंप कुठे बसवायचा ते कुणी साहेब केबिनमध्ये बसून ठरवत. तो चुकीच्या जागी बसला की तीन महिन्यांत रडायला लागे, आणि मग "दामूला बोलवा". दामू यायचा, पालथा पडून पंप खोलायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, हा दोन फूट खाली बसवला असता तर मला यायलाच लागलं नसतं. पण ते कुणी विचारत नव्हतं.

कारखान्यातल्या प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. आखणी, तपासणी, मंजुरी. पस्तीस वर्षांत दामूदादांच्या हातून शेकडो नकाशे गेले. त्यांवर त्यांची निशाणी एकच, ग्रीसने भरलेली बोटं. निवृत्तीनंतर ते केळव्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधले पंप दुरुस्त करायला लागले. तिथेही तीच गत. वाडी सुकायला लागल्याशिवाय दामूची आठवण कुणाला येत नव्हती.

म्हणून जानेवारीत हिमानीबाई स्कूटीवरून सातपाटीला घरी आल्या, तेव्हा दामूदादांनी आधी हत्यारांची पिशवी उचलली आणि मग विचारलं, "काय बिघडलंय?"

"काहीच नाही."

"मग?"

"अजून काही आणलंच नाहीये, दामूदादा. काय आणायचं, कुठे बसवायचं, ते तुम्ही सांगायचं."

दामूदादांनी पिशवी खाली ठेवली नाही. त्यांना वाटलं, बाईंची काही तरी गल्लत होतेय.

गल्लत नव्हती. हिमानीबाईंची शाळा केळव्याच्या अलीकडे, निवासी, जव्हार-विक्रमगडकडच्या डोंगरी पाड्यांतल्या मुलींची. मुली सात-सात वर्षं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत आणि एकीलाही पोहता येत नसे. दर रविवारी किनाऱ्यावर न्यायचं म्हणजे चार शिक्षिकांच्या जिवाला घोर. शाळेच्या विश्वस्तांनी स्विमिंग पूलला होकार दिला होता. पण खणायची सोय नव्हती. त्या पट्ट्यात सात-आठ फूट खाली गेलं की जमीन पाझरायला लागते. म्हणून ठरला तो जमिनीवर उभा राहणारा तलाव, पत्र्याची गोल भिंत, लोखंडी पाय आणि आत जाड प्लास्टिकचं अस्तर. बोईसरच्या दुकानातून सगळा संच मेहुल आणणार होता आणि त्याच्या कंपनीचा छापील नकाशाही तो फुकट देणार होता. पण हिमानीबाईंनी विश्वस्तांना सांगून टाकलं होतं, "नकाशा आमचा माणूस करेल. इथली जमीन ओळखणारा."

शुक्रवारी मुख्य विश्वस्त धर्मेशभाई येऊन नकाशा मंजूर करणार होते. तो त्यांना पटला तर दामू तामोरे यांच्या हातचं काम उभं राहणार होतं. नाही पटला, तर मेहुलच्या पुस्तिकेतला तलाव होताच.

*

आठ दिवस दामूदादांनी जेवणात लक्ष दिलं नाही. शाळेच्या आवारात ते पारदर्शक नळी घेऊन फिरत. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन खुंट्यांना लावायची, आणि पाण्याची पातळी कुठे थांबते ते बघायचं. गवंडी हीच नळी वापरतात आणि ती कधी खोटं बोलत नाही. मैदानाच्या उत्तरेला, भंडारगृहापलीकडे, त्यांना घट्ट मूळ जमीन सापडली. तिला पाच इंचांचा उतार होता. खालच्या बाजूला माती टाकायची नाही, वरची बाजू तासून खाली आणायची, हे त्यांनी वहीत दोनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पश्चिमेला सुरूची झाडं होती. सुरूच्या काड्या म्हणजे फिल्टरचा काळ, म्हणून तलाव त्यांच्यापासून साठ फूट लांब. पंप तलावापासून बारा फुटांवर, वीतभर उंच ओट्यावर, डोक्यावर पत्रा. ओल्या अंगाने पोरी फिरणार, म्हणून शॉक लागण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर, आणि तो चांगल्यातला. सगळं पाणी आठ तासांत एकदा वाळूच्या फिल्टरमधून फिरेल एवढाच पंप, उगाच मोठा नाही. शिडी अशी, की काम झालं की काढून कुलपात ठेवता येईल. आणि तलावावर रात्री घालायला जाळं.

जाळ्याचं काम त्यांनी बायकोला सांगितलं. पुष्पलता सकाळी बोईसरच्या बाजारात म्हावरं विकून दुपारी घरी येई. ओटीवर पाय पसरून ती विणायला बसली.

"भोकं केवढी ठेवू?"

"पोराचा पाय नाय गेला पायजे."

"म्हंजे बोंबलाचं जाळं. तसं बोला ना. फूट-इंच काय सांगता मना?"

पुस्तिकेतलं झाकण ताडपत्रीचं होतं. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचतं, ती पोटात खचते, आणि पोर वर चढलं तर तिच्यातच गुंडाळून आत. जाळ्यातून पाणी खाली जातं आणि पोर वर राहतं. ही गोष्ट मेहुलला सांगितली तेव्हा त्याने ती गुपचूप मोबाइलवर लिहून घेतली. पोरगा वाईट नव्हता. त्याला फक्त पुस्तिका दिलेली होती.

राहिलं पाणी. शाळेची विहीर भंडारगृहामागे, तलावापासून चाळीस फुटांवर, याहून सोयीचं काय? दामूदादांनी पोहरा टाकला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि गिळलं. खाऱ्या पाण्याने पंप कसे खाल्ले जातात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, म्हणून पाणी चाखल्याशिवाय ते पाना-पक्कडीला हात लावत नसत. "गोड हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि वहीत लिहिलं, विहिरीचं पाणी गोडं.

बुधवारी नकाशा पूर्ण झाला. पांढऱ्या कार्डशीटवर, शिसपेन्सिलीने, मग निळ्या-तांबड्या पेनाने. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी तीन चौकटी काढल्या, कारखान्यात असत तशाच. 'आखणी' पुढे लिहिलं, दा. का. तामोरे. मग थोडं थांबले, आणि 'तपासणी' पुढेही लिहिलं, दा. का. तामोरे.

पुष्पलता वाकून बघत होती. "सोताच रांधायचं नि सोताच चव सांगायची?"

"मग दुसरं कोन हाय तपासायला?"

"मना काय ठावं? मी आपली कोलीण," असं म्हणून ती आत गेली. पण जाताना तिने नकाशाच्या कडेचा चहाच्या कपाचा ओला डाग पदराने टिपून घेतला.

*

गुरुवारी सकाळी नकाशा शाळेच्या सूचना फलकावर लागला. मुलींचा घोळका जमला. कुणी शिडी शोधली, कुणी जाळं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "हे तुम्ही काढलं? पट्टीशिवाय?" दामूदादा म्हणाले, "पट्टी होती गं." पण त्यांना हवं ते मिळालं होतं. ते तिथेच खांबाला टेकून उभे राहिले, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपला नकाशा बघतो की नाही हे बघत राहायला त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती.

दहाच्या सुमारास चहा प्यायला ते स्वयंपाकघरात गेले. तिथे लाडकी होती. अकरा वर्षांपासून शाळेची स्वयंपाकीण. विक्रमगडच्या वरच्या पाड्यावरची, बोलायला कमी आणि हाताला उरक. तिनेही नकाशा बघितला होता. चहाचा पेला पुढे करत ती म्हणाली, "दादा, त्या निळ्या रेघेचं टोक कुठं जातं?"

"विहिरीत. तिथून पानी तलावात."

"इथल्या विहिरीत?"

"मग काय पालघरच्या?"

लाडकीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पोरींच्या डोळ्यांत जाईल ना ते. तोंडात जाईल. मचूळ पानी."

दामूदादा हसले. "मचूळ? लाडकीबाय, मी सोता चाखलंय. गोड हाय."

लाडकीने दोन पेले घेतले. एकात विहिरीच्या बादलीतलं पाणी, दुसऱ्यात कोपऱ्यातल्या हंड्यातलं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं हे हंड्याचं पाणी ती रोज रस्त्यापलीकडच्या टेकाडाखालच्या विहिरीतून खेपा घालून डोक्यावर आणत असे. दामूदादांनी तिला कित्येकदा हंडा घेऊन येताना पाहिलं होतं. दारात विहीर असताना ही बाई रस्ता का ओलांडते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

त्यांनी पहिला पेला प्यायला. "हे गोड."

दुसरा प्यायला. तोंड वाकडं केलं. "ह्याला तर काय चवच नाय. अळणी."

"पान्याला चव नसते, दादा," लाडकी म्हणाली.

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग ती फळीवरून तुरीच्या डाळीचा डबा काढत म्हणाली, "ह्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाय. दुपारपर्यंत उकळा, दाणा दाणाच राहतो. साबणाला फेस येत नाय. आता बरं हाय. होळी झाली की बघा. मे महिन्यात तर गुरंसुद्धा तोंड लावीत नाय."

दामूदादांनी चहा तसाच ठेवला आणि भंडारगृहामागे गेले. विहिरीवर जुना पंप होता. त्याच्या नटांवर पांढरी बुरशी आली होती, मिठासारखी, आणि तिच्या खाली लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने सुटलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं. पापुद्रा हातात आला. हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, जुना पंप आहे, चालायचंच. जिभेने एकदा गोड म्हटल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतो?

पत्र्याची भिंत, लोखंडी पाय, पंपाचं सील. या पाण्यात दोन पावसाळे टिकलं असतं. फार तर तीन. मग पायांना आतून गंज, एक दिवस पत्र्याला भगदाड, आणि आत पोरी.

ते काठावर बसून राहिले. कुणाला सांगायची गरज नव्हती. लाडकी आपण होऊन साहेबांपुढे जाऊन बोलणारी बाई नव्हती. हिमानीबाई पालघरहून येताना बाटली घेऊन येत, त्यांनी या विहिरीचा थेंब कधी घेतला नव्हता. मेहुल म्हणालाच होता, पाणी कुठलंही चालतं, औषध टाकलं की झालं. उद्या धर्मेशभाईंची सही होईल आणि तिसरी चौकट भरेल. गंज चढेपर्यंत दामू तामोरे कुठे असेल कुणाला ठाऊक? आणि त्यातूनही गंज चढलाच, तर लोक नेहमीचंच म्हणतील. दामूला बोलवा.

या शेवटच्या विचाराने मात्र त्यांना स्वतःची शिसारी आली.

*

दुपारी घरी आल्यावर त्यांनी पुष्पलताला सगळं सांगितलं. ती जाळ्याच्या शेवटच्या रांगेवर होती. हात न थांबवता तिने ऐकलं.

"आपल्या मागल्या विहिरीचं पानी तसंच हाय," ती म्हणाली. "तुमी जन्मापासून तेच पिताय. घरात नळ आला, तरी तुमाला नळाचं पानी नको, विहिरीचंच पायजे. एडवनला माज्या बापाच्या दारात गोडी विहीर होती. लगीन करून आले, तवा महिनाभर मना इथलं पानी घशाखाली उतरलं नाय. तुमाला सांगितलं होतं मी."

"मी काय म्हनालो?"

"हसलेत. म्हनालेत, एडवनची पोरगी नाजूक हाय."

दामूदादा ओटीच्या कडेला बसले. चाळीस वर्षांपूर्वीचं हसणं आता त्यांना बोचलं. ते म्हणाले, "चुकलं माझं."

"आता पान्याचं म्हनता की तवाचं?"

"दोनीचं."

पुष्पलताचा हात पहिल्यांदा थांबला. एवढी कबुली एका दमात मिळाल्याची तिला सवय नव्हती. मग ती म्हणाली, "दिवस हाय अजून. कोरा कागद घरात हाय. बसून काय ऱ्हायलात?"

चार वाजता दामूदादा पुन्हा शाळेत होते. फलकावरचा नकाशा त्यांनी स्वतःच काढला आणि गुंडाळून काखेत मारला. लाडकी भांडी घासून मोकळी होत होती. "लाडकीबाय, तुझी विहीर दाखव," ते म्हणाले.

पुढे ती, मागे हे, हातात मापाची टेप. रस्त्याखालून पावसाच्या पाण्यासाठी मोरी गेली होती, तिच्यातून पाइप सहज जाणार होता. टेकाडाखालची विहीर जुनी, दगडी बांधणीची, उन्हाळ्यात तळ न दाखवणारी. "आटत नाय?" त्यांनी विचारलं. "अकरा वर्षांत नाय," लाडकी म्हणाली, आणि त्यांनी ते तसंच वहीत लिहिलं, पाणी चाखून न बघता. विहिरीपासून तलावाच्या जागेपर्यंत चारशे वीस फूट. आता हिशेब पुन्हा नव्याने. एवढ्या लांब पाइपात पाण्याची ताकद घासून कमी होते, म्हणून पाइप दीड इंची, पंप दीड हॉर्सपॉवरचा, आणि मध्ये कुठेही काटकोनात वळण नाही, वाकवायचं ते सावकाश. हे गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करता करता ते हातात आलं होतं. स्वतःच्या चुकीवर ते आज पहिल्यांदाच वापरत होते.

परत येताना त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं हंडा वाहतेस. कुनाला सांगितलं नाय, ही विहीर खराब हाय म्हनून?"

"कोनी इचारलं नाय," लाडकी म्हणाली.

दामूदादा चालता चालता थांबले. हे वाक्य ते स्वतः पस्तीस वर्षं मनात म्हणत आले होते.

*

शुक्रवारी अकरा वाजता धर्मेशभाई आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. हिमानीबाईंच्या खोलीत टेबल मोकळं केलेलं होतं. मेहुल पुस्तिका घेऊन बसला होता, न जाणो लागलीच तर.

दामूदादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पहिला नकाशा टेबलावर पसरला. धर्मेशभाईंनी चष्मा खाली घेतला, बोट फिरवत सगळं वाचलं. जमीन, उतार, सुरूची झाडं, ब्रेकर, जाळं. दोनदा मान हलवली. "बहुत सरस," ते म्हणाले. "फार चांगलं काम आहे. सही कुठे करायची?"

हिमानीबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी पेन पुढे केलं.

"सही करू नका," दामूदादा म्हणाले. "हा नकाशा चुकलाय."

धर्मेशभाईंनी हातात घेतलेलं पेन टेबलावर ठेवलं.

"विहिरीचं पानी मचूळ हाय. मी चाखलं नि गोड म्हनालो. माझी जीभ तसल्याच पान्यावर वाढली, तिला फरक कळत नाय. पन डोळ्याला दिसत होतं, पंपाच्या नटांना मीठ लागलेलं. त्याच्याकडं मी बघितलं नाय. ह्या पान्यानं तलाव तीन वर्षांत सडला असता." त्यांनी दुसरा कागद पहिल्यावर पसरला. "हा बरोबर हाय."

मेहुलने घसा खाकरला. "सर, म्हणूनच मी म्हणत होतो, कंपनीचा तयार नकाशा..."

"मेहुलभाय," दामूदादा शांतपणे म्हणाले, "तुमच्या नकाशात पानी कुठनं येतं तेच काढलेलं नाय."

मेहुलने पुस्तिका उघडली, उलटसुलट केली. खरंच नव्हतं. तलाव होता, मुलं होती, हिरवळ होती. त्याने पुस्तिका मिटली आणि खुर्ची सरकवून नव्या नकाशावर वाकला.

धर्मेशभाई दुसरा नकाशा पहिल्यापेक्षा सावकाश वाचत होते. निळी रेघ आता मोरीतून रस्ता ओलांडून टेकाडाखाली जात होती. बोट कोपऱ्यातल्या चौकटींवर येऊन थांबलं. "आखणी, दा. का. तामोरे. बरोबर. तपासणी... लाडकी? हे कोण इंजिनिअर?"

"आमच्या स्वयंपाकीण आहेत," हिमानीबाई म्हणाल्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"बोलवा."

लाडकी दारात आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. एवढी माणसं टेबलाभोवती बघून तिला वाटलं, जेवणात काही निघालं. धर्मेशभाई म्हणाले, "बेन, हा नकाशा तुम्ही तपासला?"

लाडकीने दामूदादांकडे पाहिलं. "नकाशा नाय तपासला," ती म्हणाली. "पानी तपासलं."

"कसं?"

"डाळ घालून."

धर्मेशभाई मोठ्याने हसले, पण ते हसणं तिच्यावर नव्हतं. त्यांनी पेन तिच्याकडे वळवलं. "मग इथे सही तुमचीच पाहिजे. तुमच्यानंतर माझी."

लाडकीने हात पदराला पुसले, एकदा, पुन्हा एकदा. रात्री मुलींच्या अभ्यासाला बसून ती चार वर्षांपूर्वी नाव लिहायला शिकली होती, पण लिहायची वेळ पगाराखेरीज कधी येत नसे. तिने पेन घट्ट धरलं. 'ल' ला काना, मग 'ड', मग 'की' ची वेलांटी चौकटीबाहेर गेली. कुणी घाई केली नाही. दामूदादा तिच्याकडे असे बघत होते की त्यांना आपली चौकट आठवतच नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना आदल्या दिवशी फलकापाशी उभं राहून जेवढा अभिमान वाटला होता, त्याच्या दुप्पट या क्षणी वाटत होता, आणि या वेळी तो कुणी बघतंय का हे बघायची त्यांना गरज नव्हती.

*

तलाव उभा राहायला महिना गेला. वरची बाजू तासली, चाळलेली रेती अंथरली, मेहुलने आणि त्याच्या दोन माणसांनी पत्रे जोडले. दामूदादांनी नळी लावून पातळी बघितली. वीस फुटांत पाव इंचाचा फरक. मेहुल म्हणाला, "काका, कंपनी एक इंचापर्यंत चालवते." दामूदादा म्हणाले, "चालवू दे." मेहुलच्या कंपनीची दोन कामं एडवणकडे होती. जागा बघायला याल का, असं त्याने विचारून ठेवलं होतं. आधी बघायला, बिघडल्यावर नव्हे. हे त्याने आपणहून स्पष्ट केलं.

मार्चमध्ये एका सकाळी टेकाडाखालचा पंप चालू झाला. मुली तलावाभोवती रांगेने बसल्या होत्या. पुष्पलता बाजाराला सुट्टी टाकून जाळं घेऊन आली होती आणि गाठोडं मांडीवर धरून बसली होती. पाइपात आधी हवा खोकली, मग थोडं गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ धार. मुलींनी एकच गिल्ला केला.

दामूदादांनी सवयीने ओंजळ धारेखाली धरली. ओंजळ तोंडापर्यंत नेली आणि मध्येच थांबवली. पाणी बोटांतून तलावात सोडून दिलं. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला, विसळला, काठोकाठ भरला आणि गर्दीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लाडकीकडे घेऊन गेले.

"चाख, बाय."

सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. लाडकीने पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला, मग आणखी एक. तिला कसली घाई नव्हती.

"गोड," ती म्हणाली.

तिने पेला परत दिला. त्यात तळाशी दोन घोट उरले होते. ते दामूदादांनी प्यायले. त्यांना ते अळणीच लागले.

त्यांनी पेला पालथा करून झटकला, पिशवीत ठेवला, आणि जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.